रिबिनीचं टोक जळलं, म्हणून प्रयोग बंद करायचे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवी एकत्र घेणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. पट ३२. 'जळायला हवा लागते' हा प्रयोग त्यांनी मुलांकडून करून घेतला. जमिनीवर ठेवलेल्या ताटात पाणी, मधोमध मेणबत्ती, वर काचेचा पेला. चार ठिकाणी मांडणी आणि प्रत्येकीभोवती आठ मुलं. मेणबत्त्या पेटवून झाल्यावर बाईंनी सांगितलं, "पेला ठेवण्याआधी पाण्याची पातळी नीट बघून ठेवा." एक मुलगी बघायला वाकली आणि मधल्या सुट्टीत सुटलेलं तिच्या रिबिनीचं टोक ज्योतीत गेलं. शेजारच्या गटातला मुलगा उठून धावला आणि त्याने आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या वेणीवर ओतलं. थोडे केस करपले, बाकी काही झालं नाही. जागा सोडून पळाल्याबद्दल त्या मुलाला मात्र सगळ्यांसमोर बोलणी बसली. मुलीचे वडील शाळेत येऊन गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "यापुढे फळ्यावर आकृती काढा, नाहीतर मोबाईलवर व्हिडिओ दाखवा." बाईंचं म्हणणं असं: भिंतीवर २० नियमांचा तक्ता आहे, मुलांना तो पाठ आहे, तरी हे घडलं. मुलं यासाठी लहान आहेत का? नियम पाळायची सवय कशी लावू? की सगळे प्रयोग मी एकटीनेच करून दाखवू?

सगळ्यात आधी एक काम करा. बाटली घेऊन धावलेल्या त्या मुलाला उद्या परिपाठात सगळ्यांसमोर शाबासकी द्या. "त्या दिवशी तुला बोलले ते चुकलं, तू बरोबर केलंस," असं स्पष्ट म्हणा. वर्गात काय केल्यावर ओरडा बसतो हे मुलं फार बारकाईने बघत असतात. आग विझवणाऱ्याला बोलणी बसली, तर पुढच्या वेळी कोणी हलणार नाही. पुढे पेला फुटला तर काचा दप्तराखाली सरकवल्या जातील, चटका बसला तर हात खिशात जाईल. अपघात लगेच सांगणारं मूल ही वर्गातली सगळ्यात मोठी सुरक्षा आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. नियम पाठ असून मुलांनी ते पाळले नाहीत, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. पण तुम्हीच लिहिलेला प्रसंग पुन्हा वाचा. त्या मुलीने कोणता नियम मोडला? तिला पातळी बघायला सांगितलं होतं आणि ताट जमिनीवर होतं, म्हणून ती वाकली. तिने सांगितलेलंच ऐकलं. चूक क्रमात होती: ज्योत आधी पेटली आणि निरीक्षण नंतर आलं. पेला आधी मेणबत्तीवर नुसता ठेवून, पातळीवर खडूने खूण करून, पेला उचलून मग मेणबत्ती पेटवली असती, तर तिला ज्योतीजवळ वाकायचं काही कारणच उरलं नसतं.

प्रयोग म्हटला की मुलं वाकणार, जवळ जाणार, ढकलाढकली करून पुढे येणार. तसं व्हावं म्हणूनच आपण प्रयोग घेतो. 'लांब उभे राहा' हा नियम आणि 'नीट बघा' ही सूचना एकाच वेळी दिल्या, तर दहा वर्षांचं मूल दुसरीच ऐकेल. त्यामुळे नियमाचं ओझं मुलांच्या डोक्यावरून काढून मांडणीत घालायला हवं. ताट जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवा आणि मुलांना बाकासमोर खाली बसवा. ज्योत आपोआप डोळ्यांच्या रेषेत येते, वाकावं लागत नाही आणि वेण्या पाठीवर राहतात. बाकापासून हातभर अंतरावर खडूची रेघ मारा. रेघेच्या आत फक्त ज्याची पाळी आहे तो येईल. एवढ्या दोन गोष्टींनी तक्त्यातले निम्मे नियम अनावश्यक होतील.

मुलं लहान आहेत का? याच वयाची कितीतरी मुलं घरी चुलीत लाकूड सारतात, गॅसवर चहा ठेवतात, दिवाळीत पणत्या लावतात. विस्तव त्यांना नवा नाही. नवी आहे ती गर्दी आणि ज्योतीपेक्षा दुसरीकडेच लागलेलं लक्ष. नऊ-दहा वर्षांचं मूल ठरलेल्या क्रमाने चार-पाच कृती नीट करू शकतं. ते २० नियम मनात ठेवून त्यातला योग्य नियम योग्य क्षणी आठवू शकत नाही, आणि खरं तर मोठ्यांनाही ते जमत नाही.

'मी एकटीनेच करून दाखवू का' यात एक समज दडलेला आहे की शिक्षकाने केलं म्हणजे सुरक्षित. तसं नेहमीच नसतं. करून दाखवायचं म्हटलं की शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून ज्योत मोठी केली जाते, रसायन जास्त घेतलं जातं आणि पहिली रांग टेबलाला चिकटून बसते. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या रेनो शहरात एका विज्ञान संग्रहालयात मुलांना ज्वालेचा प्रयोग दाखवताना मेथॅनॉल अचानक पेटलं आणि १३ जण जखमी झाले. त्यांतली बहुतेक बघायला बसलेली मुलं होती. मोठ्या बाटलीतून थेट प्रयोगावर इंधन ओतलं गेलं होतं आणि ज्वाला उलटी बाटलीकडे आली. प्रयोग मोठ्यांच्या हातात होता, तरी हे झालं. ठरवणाऱ्या गोष्टी तीन होत्या: इंधन किती, ते कशात आणि मुलं किती जवळ.

व्हिडिओबद्दलही थोडं. व्हिडिओने वर्गात कोणी भाजत नाही हे खरं. पण मेणबत्तीचा प्रयोग मोबाईलवर पाहिलेलं मूल संध्याकाळी घरी एकटं काड्यापेटी शोधतं. तिथे रेघ नसते, बादली नसते, तुम्ही नसता. म्हणून प्रयोग निवडताना एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: हे मूल हाच प्रयोग घरी, कोणी नसताना करून बघेल तेव्हा काय होईल? या एका प्रश्नाने निवड बरीच सोपी होते.

या कसोटीवर प्राथमिकच्या वर्गातून पूर्ण बाहेर जाणाऱ्या काही गोष्टी आहेत. विज्ञान प्रदर्शनातला नारिंगी ज्वालामुखी, म्हणजे अमोनियम डायक्रोमेट. त्याची धूळ विषारी असते आणि त्यातल्या क्रोमियमने कर्करोगाचा धोका असतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकायचा प्रयोग, कारण तो काडी न लावता, काही क्षण थांबून, मूल वाकून बघत असतानाच पेट घेतो. संडास साफ करायचं ॲसिड. ते ब्लीचिंग पावडरीत मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. कळीचा चुना पाण्यात विझवणं, कारण पाणी उकळून उडतं. पाऱ्याचा थर्मामीटर, फटाक्यांची दारू, मोबाईलची बॅटरी. शाळेच्या विज्ञान पेटीत स्पिरिटचा दिवा असेल तर तोही चौथी-पाचवीसाठी कुलपात ठेवा. उन्हाच्या उजेडात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही. दिवा कलंडला तर जळतं स्पिरिट बाकावरून वाहत जातं, आणि विझलाय समजून गरम दिव्यात स्पिरिट भरताना होणारे अपघात तर नेहमीचेच. या वयात शिकवायचं ते सगळं मेणबत्तीवर होतं.

आता सवय कशी लावायची ते बघू. तो तक्ता काढून ठेवा. 'सांभाळून करा', 'काळजी घ्या', 'मस्ती करू नका' यांतली एकही कृती नाही. मुलाला हातापायांनी करता येईल असं सांगा. रिबीन सोडून खिशात ठेवायची. बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या. रेघेच्या आत एकानेच जायचं. बाईंनी सांगितल्याशिवाय कशाचीही चव घ्यायची नाही, आणि वास घ्यायचा तर हाताने वारा घालून. काही फुटलं, सांडलं, चटका बसला तर लगेच मोठ्याने 'बाई' म्हणायचं. पाच पुरेत. आणि हे पाठ करून घेऊ नका, करवून घ्या.

करवून घेणं म्हणजे कोरडा सराव. मेणबत्ती न पेटवता, पाणी न घेता सगळा प्रयोग आधी एकदा करायचा. कोण कुठून येणार, पेला कोणत्या हाताने धरणार, झाल्यावर कुठे बसणार. शिट्टीचा सरावही यातच उरका: शिट्टी वाजली की हातातलं ताटात ठेवायचं, हात पाठीमागे घ्यायचे, एक पाऊल मागे जायचं. तीन-चारदा केलं की अंगवळणी पडतं. मैदानावर एक दिवस कपडे पेटल्यावर काय करायचं तेही खेळासारखं घ्या: थांब, आडवा हो, दोन्ही हातांनी चेहरा झाकून लोळ. पेटलेलं मूल घाबरून पळतं आणि पळाल्याने ज्वाला भडकते. पळायचं नाही हे शरीराला आधीपासून माहीत असावं लागतं, त्या क्षणी ते सुचत नाही.

आणखी एक तास मुद्दाम 'चुका शोधा'चा घ्या. बाकावर न पेटवलेली मेणबत्ती अगदी कडेला ठेवा, शेजारी सॅनिटायझरची बाटली, वर फिरता पंखा, वाटेत दप्तर, खाली प्लास्टिकची चटई, खुर्चीवर लोंबती ओढणी. मुलांना विचारा, यातलं काय काय पेटेल, कोण कशाला अडखळेल आणि का? सॅनिटायझरमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं आणि हात ओले असताना ज्योतीजवळ नेले तर हातच पेटतात, हे तिथेच सांगा. स्वतः शोधलेला धोका मूल विसरत नाही. वर दुसऱ्यालाही सांगतं.

३२ मुलं आणि एकटी शिक्षिका हा तुमचा खरा पेच आहे आणि पत्रात त्याचा फक्त ओझरता उल्लेख आहे. चार ज्योती आणि एक मोठं माणूस हे गणित कितीही शिस्त असली तरी जमणार नाही. एका मोठ्या माणसामागे एकच ज्योत. एका वेळी आठ मुलं मेणबत्तीपाशी, बाकीची २४ विस्तव नसलेल्या कामात: चुंबकाला काय चिकटतं, बियांचे प्रकार, भिंगातून पान. दोन तासिका जोडून घेतल्या तर चार पाळ्या आरामात होतात. आठांपैकी चौघं करतील, चौघं मागे बसून नोंद करतील, मग अदलाबदल. चौघांतल्या एकाला राखणदार करा. त्याच्या हातात ओला रुमाल. त्याने प्रयोगाकडे बघायचं नाही, सोबत्यांच्या केसांकडे आणि बाह्यांकडे बघायचं. हे काम रोज वेगळ्याकडे द्या, नेहमी हुशार मुलीच्या गळ्यात नको. मातापालकांपैकी कोणी तासभर येणार असतील तर त्यांनाही कोरड्या सरावापासूनच सामील करा. ऐनवेळी आलेला मोठा माणूस काय करायचं ते माहीत नसल्याने गर्दीत भरच घालतो.

कपड्यांचं महत्त्व आपल्याकडे फार कमी लेखलं जातं. गणवेशाचं कापड बहुतेक टेरिकॉट असतं, रिबिनी आणि थंडीतले स्वेटर कृत्रिम धाग्यांचे. हे कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, म्हणून त्याची जखम खोल होते. घरातले वडिलांचे जुने सुती शर्ट मागवा, बाह्या कोपरापाशी कापा आणि बटणं पाठीमागे येतील असे घाला. चांगला ॲप्रन होतो. सुतीही पेटतं, पण वितळून चिकटत नाही. रिबीन बांधून घट्ट करू नका, सोडूनच टाका. वेणी गुंडाळून रबराने वर बांधा.

मेणबत्तीची मांडणी आता पुन्हा करू. ताट स्टीलचं, पसरट. मेणबत्ती चार-पाच सेंटिमीटर उंचीची, त्याहून उंच नको. वितळलेल्या मेणाने चिकटवण्यापेक्षा चिकणमातीच्या गोळ्यात रोवा, ती कलंडत नाही. ज्योत आणि पेल्याचा तळ यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर हवं. पेला बुटका असला तर तळ तापून तडकतो, म्हणून जाड काचेची उंच बरणी बरी. ताटात दोन सेंटिमीटर पाणी, त्यात शाईचे दोन-तीन थेंब. पंखा बंद, खिडक्या उघड्या. बादलीभर पाणी आणि भिजवलेलं गोणपाट हाताच्या अंतरावर. पातळीची खूण आधी. मग काडी तुम्ही ओढायची, अंगापासून लांब, आणि विझलेली काडी पाण्यात टाकायची. पेला मुलाने बाजूने धरून सरळ वरून ठेवायचा. ज्योत विझली की साठ अंक मोजल्याशिवाय उचलायचा नाही, आणि उचलतानाही वरच्या बाजूला, म्हणजे तळाला, हात लावायचा नाही. गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच असते, हे मुलांना इथेच सांगा. पुन्हा प्रयोग करायचा असेल तर दुसरा गार पेला घ्या. उघडी मेणबत्ती विझवायची झाली तर फुंकर नको, वितळलेलं मेण उडतं. वर उलटी वाटी धरा.

ती साठ अंकांची वाट मुलांना जड जाऊ नये यासाठी एक प्रश्न द्या: पाणी नेमकं कधी चढतं, ज्योत जळत असताना की विझल्यावर? बऱ्याच ठिकाणी 'ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं' असं सांगून विषय मिटवला जातो. प्रत्यक्षात पाणी भराभर चढतं ते ज्योत मंदावल्यावर आणि विझल्यावर, कारण तापून फुगलेली हवा गार होऊन आकसते. पेला ठेवताना कडेने बुडबुडे सुटताना दिसतात, ती बाहेर गेलेली गरम हवा. मुलं हे शोधायच्या नादात गप्प बसून बघतात. बघण्यासारखं काही असलं की हातांना दुसरे उद्योग सुचत नाहीत.

मेणबत्तीइतकंच लक्ष चुन्याच्या निवळीवर द्या, कारण तिथे विस्तव नसल्याने सगळे निर्धास्त असतात. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते, हा सुंदर प्रयोग आहे. पण चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि डोळ्यात गेला तर बुबुळ जाळतो. निवळी तुम्हीच आदल्या दिवशी करा: लिटरभर पाण्यात खायच्या चुन्याचा छोटा चमचा, हलवून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्या. चुन्याची पुडी मुलांच्या हातात कधीही देऊ नका. दाबली की फुटून चुना थेट डोळ्यात उडतो, आणि खेळता खेळता अशी इजा झालेली लहान मुलं डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगली परिचयाची असतात.

दुसरा धोका स्ट्रॉचा. फुंकायला सांगितलं तरी दहातलं एखादं मूल सवयीने ओढतंच. यावर सोपा उपाय आहे. स्ट्रॉच्या तोंडाकडच्या टोकापासून तीन सेंटिमीटरवर जाड सुईने एक भोक पाडा. मूल ओढायला लागलं तर भोकातून हवाच येते, निवळी वर चढत नाही. फुंकताना थोडी हवा भोकातून जाते, पण बुडबुडे येतात. आधी साध्या पाण्यावर करून बघा आणि भोक कमी-जास्त करा. प्रत्येकाला वेगळी स्ट्रॉ, पेल्यात निवळी तळाशी दोन बोटं एवढीच, आणि फुंकणाऱ्याच्या डोळ्यांवर बाजूने बंद असलेला, मुलांच्या मापाचा गॉगल. नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो, तो पुरत नाही. उरलेली निवळी पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत साठवू नका. तहानलेलं मूल बाटलीवरची चिठ्ठी वाचत नाही.

खायचा सोडा आणि व्हिनेगर हा मुलांच्या हाती देण्यासारखा प्रयोग आहे, फक्त बाटलीचं झाकण आधीच काढून घ्या. पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर सोडा आणि साधारण ९० मिलिलिटर व्हिनेगर यांतून जवळपास १.४ लिटर वायू निघतो. तो अर्ध्या लिटरच्या बंद बाटलीत कोंडला तर झाकण गोळीसारखं सुटतं. तोंडावर फुगा लावा, आणि अर्धा चमचाच सोडा घ्या.

विजेच्या प्रयोगात दीड व्होल्टचे एक किंवा दोन सेल, मध्ये कायम बल्ब. सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली तर तार तापून बोटाला चटका बसतो, हे आधी सांगा. आणि तोंडाने स्पष्ट म्हणा की भिंतीतला प्लग म्हणजे मोठा सेल नव्हे, तिथे २३० व्होल्ट असतात आणि त्याने माणूस मरतो. ही वाक्यं आपल्याला उघड वाटतात म्हणून ती राहून जातात. बटण सेल वापरू नका. गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

बिया रुजवण्याच्या प्रयोगात मुलं शेतातून बियाणं घेऊन येतात. पेरणीसाठीच्या गुलाबी, लाल किंवा निळसर बियांना कीडनाशक आणि बुरशीनाशक चोळलेलं असतं. स्वयंपाकघरातली मटकी आणि हरभरेच आणायला सांगा. परिसरात पानं-बिया गोळा करायला नेण्यापूर्वी तुम्ही एकदा फिरून या. कुंपणाची चंद्रज्योत, धोत्रा, कण्हेर, गुंज, रुईचा चीक, गाजरगवत ही झाडं मुलांना दाखवून ओळखायला शिकवा. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळेतली मुलं एकत्र बसून खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचतात, हे महाराष्ट्रात वारंवार घडत आलं आहे.

इतकं करूनही चटका बसू शकतो, आणि पहिल्या काही मिनिटांत काय केलं यावर बरंच अवलंबून असतं. भाजलेला भाग लगेच साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरा, पूर्ण २० मिनिटं. नळ नसेल तर तांब्याने सावकाश ओतत राहा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काहीही लावू नका. सूज यायच्या आत बांगड्या, गंडेदोरे काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. फोड फोडू नका. नंतर स्वच्छ कापडाने सैल झाका. भाजलेला भाग मुलाच्या तळहाताएवढा किंवा मोठा असेल, अथवा चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल तर डॉक्टरांकडे न्यायचंच. डोळ्यात चुना किंवा काहीही उडालं तर तो डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं वळवून, पापण्या उघड्या धरून २० मिनिटं पाणी ओता, मगच दवाखाना. आधी गाडी शोधण्यात गेलेली मिनिटं महाग पडतात. काही गिळलं असेल तर उलटी करवू नका, ती बी किंवा बाटली सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा. हे सगळं एका कागदावर लिहून पाण्याच्या बादलीजवळच्या भिंतीवर लावा. २० नियमांची जागा आता मोकळी झालीच आहे.

मुख्याध्यापकांशी बोलताना प्रयोग चालू ठेवण्याची परवानगी मागू नका. त्यांची काळजी रास्त आहे, काही झालं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. त्यांना पुढच्या कोरड्या सरावाला बोलवा. मांडणी, रेघ, बादली, आठांची पाळी त्यांनी डोळ्यांनी बघू द्या. गावातल्या साध्या शाळांत हे जमतं का, असं कोणी विचारलं तर होशंगाबादचं उदाहरण सांगा. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ ग्रामीण शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं चार-चारच्या गटात स्वतःच्या हातांनी प्रयोग करत होती, आणि तो कार्यक्रम तीस वर्षं चालला.

मुलीच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन या. काय घडलं, क्रमात काय चुकलं आणि आता काय बदललं ते सांगा. आई-वडिलांना पटलं तर पुढच्या प्रयोगाला त्यांच्यापैकी एकाला मदतीला बोलवा. मुलीला मात्र लगेच ज्योतीसमोर बसवायचा आग्रह धरू नका. पहिल्या पाळीत तिला नोंदीचं काम द्या, दुसरीत विचारा. ती नको म्हणाली तर त्या दिवशी नको.

आणि प्रयोगाच्या वहीत शेवटची दोन पानं 'थोडक्यात वाचलो' यासाठी राखून ठेवा. पेला कलंडता कलंडता राहिला, कुणाची बाही ओली झाली, स्ट्रॉची अदलाबदल झाली, जे काही झालं ते तारखेनिशी, नाव न घालता मुलांनीच लिहायचं. महिन्यातून एकदा ती पानं वर्गात वाचा आणि दर वेळी मांडणीतली एक गोष्ट बदला.